औषधांचा भाव करायला मेडिकेअरला १९ वर्षं का लागली?

गोदातीर

मागच्या आठवड्यात दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी ठोकून दिलं होतं की अमेरिकेत सरकार कंपन्याच चालवतात, मतदार आपले चार वर्षांतून एकदा टाळ्या वाजवायला. तिथे उत्तर लिहायला घेतलं आणि ते मारुतीच्या शेपटासारखं वाढत गेलं, म्हणून वेगळा धागा काढतोय. अख्ख्या अमेरिकी राजकारणावर बोलायचा माझा वकूब नाही. एकच प्रकरण घेतो, पण जरा नीट.

मेडिकेअर म्हणजे ६५ वर्षांवरच्यांचा सरकारी आरोग्यविमा, १९६५ सालचा. त्यात हॉस्पिटल होतं, डॉक्टर होते, पण घरी घ्यायची औषधं नव्हती. तेव्हा ते फारसं कुणाला खटकलं नाही, कारण आयुष्यभर रोज सकाळी चार गोळ्या गिळायच्या हा प्रकारच अजून रुळला नव्हता. पुढच्या वीस वर्षांत तो रुळला आणि बिलंही वाढली.

१९८८ मध्ये काँग्रेसने (त्यांची संसद, आपला पक्ष नव्हे) औषधांचा समावेश करणारा कायदा केला. राष्ट्राध्यक्ष रेगन रिपब्लिकन, संसद डेमोक्रॅट्सच्या हातात, आणि तरी दोघांचं जमलं. वृद्धांची सगळ्यात मोठी संघटना एएआरपी, तीही पाठीशी. एवढं सगळं जुळून आलेला हा कायदा दीड वर्षात रद्द झाला! कारण खर्च वृद्धांनीच उचलायचा होता आणि बऱ्या उत्पन्नाच्या लोकांना वर्षाला ८०० डॉलरपर्यंत जादा भरावे लागणार होते. पुरते ८०० पडणारे फार थोडे होते. पण विरोधी संघटनांची पत्रकं टपालाने घरोघरी गेली आणि ज्याला त्याला वाटलं, हा भुर्दंड आपल्यालाच. ऑगस्ट १९८९ मध्ये शिकागोत डॅन रोस्टेन्कोव्स्की या बड्या कमिटी-अध्यक्षाची गाडी त्यांच्याच मतदारसंघातल्या आजी-आजोबांनी अडवली. एक आजी तर बॉनेटवर चढल्या. साहेब गाडीतून उतरून चक्क पळाले, आणि हे सगळं टीव्हीवर दिसलं. त्या वर्षाअखेरीस कायदा गेला.

म्हणजे ‘मतदारांना कुणी विचारत नाही’ हे काही खरं नाही. मतदार चिडलेले असतील, संघटित असतील आणि कॅमेरा हजर असेल, तर संसद काही महिन्यांत वाकते.

आता २००३. बुश राष्ट्राध्यक्ष, दोन्ही सभागृहं रिपब्लिकनांची, समोर २००४ ची निवडणूक. वृद्ध हे न चुकता मतदान करणारे, तेव्हा त्यांना औषधं द्यायची हे ठरलं. पण त्या कायद्यात एक कलम घातलं गेलं: औषध कंपन्या आणि खासगी विमा कंपन्या यांच्यात भावाच्या वाटाघाटी होतील, त्यात सरकारने लुडबुड करायची नाही. देशातला सर्वांत मोठा गिऱ्हाईक, आणि त्यालाच घासाघीस करायला कायद्याने बंदी! गंमत म्हणजे माजी सैनिकांच्या सरकारी दवाखान्यांना औषधं घेताना भाव पाडून मिळत होतेच.

२२ नोव्हेंबर २००३ च्या पहाटे तीनला प्रतिनिधिगृहात मतदान सुरू झालं. एरवी पंधरा मिनिटांत आटपतं. पंधरा मिनिटं झाली आणि विधेयक पडत होतं. एका टप्प्यावर २१६ विरुद्ध २१८. विरोध करणाऱ्यांत रिपब्लिकनच बरेच होते, त्यांना हा खर्चच नको होता. सभागृहाच्या अध्यक्षांनी मतदान बंदच केलं नाही. जवळपास तीन तास सभागृहात एकेकाला कोपऱ्यात घेऊन समजावणं चालू होतं, बुश स्वतः फोनवर. सहा वाजत आले तेव्हा आकडा २२० विरुद्ध २१५ झाला आणि मग कुठे हातोडा पडला.

हे विधेयक रेटणाऱ्या कमिटीचे अध्यक्ष होते लुइझियानाचे बिली टॉझिन. २००५ च्या जानेवारीत ते औषध कंपन्यांच्या संघटनेचे, म्हणजे ‘फार्मा’चे प्रमुख म्हणून रुजू झाले.

ते भावबंदीचं कलम मोडायला २०२२ साल उजाडलं. या सगळ्या काळात जनमत चाचण्यांत दहातले आठ अमेरिकन ‘सरकारने भाव करावा’ असंच म्हणत होते, रिपब्लिकन मतदारसुद्धा बहुसंख्येने. ८९ मध्ये आजीबाईंना दीड वर्ष पुरलं, आणि इथे ऐंशी टक्क्यांना १९ वर्षं. का? माझं मत शेवटी लिहीन, आधी तुमचं ऐकू द्या.

---

चिंचपोकळी_एक्स्प्रेस

लाच, दुसरं काय. एवढ्यासाठी दोन हजार शब्द कशाला 😄

---

सुमती_जो

वाचतेय. तीन तास मतदान उघडं ठेवणं नियमात बसतं का हो? आमच्या सोसायटीच्या सभेत असं केलं तर खुर्च्या फेकतील.

---

कलम_१४४

बसतं. पंधरा मिनिटं ही कमीत कमी वेळ आहे, जास्तीत जास्त किती हे नियमात नव्हतं. मतदान कधी संपलं हे सभागृहाचा अध्यक्ष ठरवतो, आणि तिथला अध्यक्ष आपल्या लोकसभेच्या सभापतीसारखा तटस्थ असल्याचं दाखवतही नाही. तो बहुमतवाल्या पक्षाचा उघड नेता असतो.

त्या रात्रीचं आणखी एक पिल्लू निघालं होतं. मिशिगनचे रिपब्लिकन खासदार निक स्मिथ निवृत्त होणार होते आणि त्यांचा मुलगा त्याच जागेवर उभा राहणार होता. ‘तुम्ही हो म्हणा, मुलाला पाठिंबा देऊ’ अशी ऑफर त्यांना दिली म्हणून पुढे सभागृहाच्या नीतिमत्ता समितीने बहुमत पक्षाचे नेते टॉम डिले यांना समज दिली. समज! स्मिथ यांनी शेवटपर्यंत विरोधातच मत दिलं, आणि मुलगा प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत) हरला.

चिंचपोकळी, तुमच्या ‘लाच’ शब्दावर एक. इथे कंपनीचा पैसा दिसत नाही, पक्षाचा धाक दिसतो. ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

---

एडिसनकर

मी न्यू जर्सीत ह्याच धंद्यात आहे, तेव्हा माझं बोलणं त्या हिशोबाने घ्या. पण एक बाजू कुणीच मांडत नाही म्हणून लिहितो.

राहवेला मर्क, न्यू ब्रन्सविकला जॉन्सन अँड जॉन्सन. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आरतीला उभे असलेले निम्मे लोक औषध कंपन्यांत, नाहीतर त्यांच्या आयटीत. आमच्या सिनेटरने आमच्या नोकऱ्यांचा विचार करायचा नाही, तर कुणाच्या करायचा? जानेवारी २०१७ मध्ये डाव्या विचारांचे सिनेटर बर्नी सँडर्स यांनी कॅनडातून स्वस्त औषधं आणू द्या अशी दुरुस्ती मांडली. ती ४६ विरुद्ध ५२ ने पडली. विरोधात १३ डेमोक्रॅट होते, त्यांत आमचे कोरी बुकर. देशभर डाव्यांनी बुकरना धू धू धुतलं, ‘विकले गेले’ म्हणून. आणि बाजूने कोण? कट्टर रिपब्लिकन टेड क्रूझ! म्हणजे पक्ष बघून सांगता येत नाही, मतदारसंघ बघून सांगता येतं.

दुसरं. नवं औषध बाजारात यायला दहा-दहा वर्षं जातात, बहुतेक मध्येच पडतात. भाव सरकारने पाडला तर पहिला हात संशोधनाच्या पैशालाच लागणार. ही भीती खोटी आहे असं कुणी सिद्ध केलेलं नाही.

---

गोदातीर

एडिसनकर, हा मुद्दा मोलाचा आहे आणि मी तो नाकारत नाही. अडचण पुढे आहे. न्यू जर्सी, सॅन डिएगो, बॉस्टन अशा मोजक्या ठिकाणी हा धंदा एकवटलाय. प्रतिनिधिगृहात जागा ४३५. उरलेल्या मतदारसंघांत नोकऱ्या नाहीत, गिऱ्हाईक आहेत. मग मोजके लोक पुरे कसे पडतात?

त्यासाठी मधली वर्षं बघा. २००६ ला डेमोक्रॅट जिंकले. जानेवारी २००७ मध्ये प्रतिनिधिगृहाने भाव करू देणारं विधेयक २५५ विरुद्ध १७० ने मंजूर केलं. म्हणजे निवडणुकीचा निकाल तीन महिन्यांत कायद्याच्या दारात आला. एप्रिलमध्ये सिनेटात ५५ जण बाजूने, ४२ विरोधात. आणि तरी विधेयक मेलं, कारण फिलिबस्टर (चर्चा लांबवत ठेवून मतदानच रोखणं) मोडून चर्चा संपवायलाच ६० मतं लागतात.

२००८ च्या प्रचारात ओबामांनी टॉझिनवर अख्खी जाहिरात काढली, नाव घेऊन. निवडून आले. आणि २००९ मध्ये त्यांच्याच व्हाइट हाउसने टॉझिनच्या ‘फार्मा’शी समझोता केला! कंपन्यांनी दहा वर्षांत ८० अब्ज डॉलर सोडायचे, आरोग्य सुधारणेला टीव्हीवर जाहिराती करून पाठिंबा द्यायचा, आणि बदल्यात भावाच्या विषयाला हात लावायचा नाही. ओबामांना दोष देणं सोपं आहे. क्लिंटन यांची योजना विमा कंपन्यांनी जाहिरातींच्या माऱ्याने कशी पाडली हे त्यांच्या लोकांनी १९९४ मध्ये पाहिलं होतं. शत्रू कमी करून पुढे जायचं त्यांनी ठरवलं.

२०१६ मध्ये ट्रम्पही तेच म्हणाले, सरकार भाव करेल. डिसेंबर २०१९ मध्ये प्रतिनिधिगृहाने पुन्हा विधेयक मंजूर केलं, २३० विरुद्ध १९२. सिनेटातल्या रिपब्लिकन बहुमताचे नेते मिच मॅककॉनेल यांनी ते मतदानालाच घेतलं नाही.

---

पाटावरची_पुरी

माध्यमांबद्दल कुणीच लिहिलं नाही अजून. मी ओहायोत सासऱ्यांबरोबर संध्याकाळच्या बातम्या बघते. युद्ध, पूर, निवडणूक, आणि मध्ये दर पाच मिनिटांनी कुणीतरी हसरं जोडपं कुत्रा घेऊन बागेत फिरतंय, आणि खालून भराभरा आवाज: ‘यकृत निकामी होऊ शकतं, मृत्यूही येऊ शकतो, डॉक्टरांना विचारा.’ डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय न मिळणाऱ्या औषधांची अशी थेट जाहिरात अमेरिका आणि न्यूझीलंड सोडून कुठल्याच विकसित देशात चालत नाही. १९९७ मध्ये एफडीएने (औषधांवर देखरेख करणारी तिथली सरकारी संस्था) टीव्हीसाठी नियम सैल केले, तेव्हापासून हा पाऊस.

बातम्यांचे प्रेक्षक म्हातारे, म्हणून औषधांच्या जाहिराती बातम्यांवर. आता त्या पैशावर चालणारा चॅनेल औषध कंपन्यांविरुद्ध बोलतच नाही असं मी म्हणत नाही. इन्सुलिनच्या भावावर त्यांनी खूप दाखवलं. २०१९ मध्ये सँडर्स डेट्रॉइटहून मधुमेही लोकांची बस घेऊन कॅनडातल्या विंडसरला इन्सुलिन आणायला गेले, ते सगळ्यांनी दाखवलं, कारण बस दिसते, आजीबाई बॉनेटवर दिसते. सिनेटातले ५५-४२ दिसत नाही. कुठलं कलम कुणी घातलं हे तर मुळीच नाही. सासरे तीस वर्षं रोज बातम्या बघतात, फिलिबस्टर म्हणजे काय विचारलं तर ‘ते वॉशिंग्टनचं काहीतरी’.

---

चिंचपोकळी_एक्स्प्रेस

आपल्याकडे बरं आहे मग. एनपीपीएने (औषधांचे भाव ठरवणारं आपलं सरकारी प्राधिकरण) फेब्रुवारी २०१७ मध्ये एका अधिसूचनेत हृदयाच्या स्टेंटचा भाव उतरवला. औषध-लेपित स्टेंट २९,६०० रुपये. ना फिलिबस्टर ना काही.

---

कलम_१४४

अवांतर होईल, पण उतरवला तितक्याच सहज एका अधिसूचनेत चढवताही येतो. आणि हॉस्पिटलांनी बाकीच्या बिलात काय काय वाढवलं यावर वेगळा धागा काढा, मी येतो.

---

विलामेट

ओरेगनमधून लिहितेय. २०२१-२२ चा भाग माझ्या डोळ्यांदेखत घडला, तो लिहिते, कारण मतदार या शब्दाचा अर्थ मला तेव्हा कळला.

सप्टेंबर २०२१. बायडन राष्ट्राध्यक्ष, दोन्ही सभागृहं डेमोक्रॅट्सची, पण काठावर. भाव करायचं कलम प्रतिनिधिगृहाच्या ऊर्जा आणि वाणिज्य कमिटीत आलं. (टॉझिन ज्याचे अध्यक्ष होते तीच ही.) तिथे तीन डेमोक्रॅट फुटले: सॅन डिएगोचे स्कॉट पीटर्स, न्यूयॉर्कच्या कॅथलीन राइस आणि आमचे कर्ट श्रेडर. मतं २९-२९. बरोबरी म्हणजे कलम पडलं. दुसऱ्या कमिटीने मंजूर केल्यामुळे विषय जिवंत राहिला, पण धार गेली. पुढे सिनेटात ॲरिझोनाच्या कर्स्टन सिनेमा यांनी आणखी कापाकापी करून घेतली.

श्रेडर यांना औषध कंपन्यांकडून भरपूर देणग्या होत्या, ते काही लपलेलं नव्हतं. मे २०२२ मध्ये प्रायमरी. ओरेगनात पक्षाच्या प्रायमरीत फक्त त्या पक्षाचे नोंदणीकृत मतदारच मत देतात. स्थानिक डेमोक्रॅट कार्यकर्ते औषधांच्या मतावरून पेटलेले. शिवाय मतदारसंघाच्या सीमा नव्याने आखलेल्या, त्यामुळे निम्मे मतदार त्यांना ओळखतच नव्हते. बायडन यांचा पाठिंबा श्रेडरना, पैसाही त्यांच्याकडेच. (त्यात क्लॅकमस काउंटीच्या मतपत्रिकांवरचे बारकोड पुसट छापले गेले, मशीन वाचेना, कितीतरी दिवस निकालच लागेना!) शेवटी जेमी मॅक्लाउड-स्किनर जिंकल्या. सात वेळा निवडून आलेला खासदार घरी.

आता टाळ्या वाजवायच्या आधी नोव्हेंबर बघा. ती जागा रिपब्लिकन लोरी चावेझ-डिरिमर यांनी घेतली, थोडक्या मतांनी. प्रायमरीतल्या मतदारांनी खासदाराला शिक्षा दिली आणि सगळ्या मतदारांनी मिळून जागाच दुसऱ्या पक्षाला दिली. आमच्या गल्लीत आजही भांडण आहे की आम्ही जिंकलो की हरलो.

---

सुमती_जो

हे भारी आहे. म्हणजे ‘मतदार’ दोन निरनिराळ्या गर्दी आहेत, मेमधली आणि नोव्हेंबरमधली.

---

एडिसनकर

विलामेट, पीटर्स मात्र आरामात परत निवडून आले. सॅन डिएगोत बायोटेक कंपन्यांची रांग आहे. माझा मुद्दा तोच.

---

गोदातीर

आता माझं मत. विलामेट यांनी अर्धं काम केलंच आहे.

कंपन्यांनी ऐंशी टक्के लोकांचं मत कधीच बदललं नाही. त्याची गरजच नव्हती. अमेरिकेत कायदा व्हायचा तर ओळीने पाच-सहा दारं उघडावी लागतात: उपसमिती, कमिटी, नियम ठरवणारी कमिटी, सभागृह, सिनेटातले ६०, राष्ट्राध्यक्ष. होऊ द्यायचं नसेल तर एक दार बंद ठेवलं की झालं. काँग्रेसचे सदस्य ५३५, आणि एकट्या औषध क्षेत्राचे नोंदणीकृत लॉबिस्ट त्याहून जास्त. ही सगळी माणसं काही ५३५ जणांच्या मागे सारखी नसतात. जे दार त्या वर्षी अर्धवट उघडं आहे तिथे गर्दी करतात. २००३ मध्ये कलमाच्या मसुद्यात, २००७ मध्ये सिनेटात, २००९ मध्ये व्हाइट हाउसात, २०२१ मध्ये एका कमिटीतल्या तिघांपाशी. दारं १७८७ च्या घटनेने आणि नंतरच्या प्रथांनी बांधलेली. लॉबीला ती बांधावी लागली नाहीत.

म्हणून चिंचपोकळी, ‘लाच’ म्हणून सोडून दिलं की हे दिसतच नाही.

आणि १९८९ मध्ये आजीबाई का जिंकल्या? त्यांना नवं काही मिळवायचं नव्हतं, स्वतःचे ८०० डॉलर वाचवायचे होते. जो आपल्या खिशातलं वाचवतो तो मतदार रस्त्यावर येतो. औषधाचा भाव कमी व्हावा असं वाटणारे ऐंशी टक्के चाचणीत हो म्हणतात आणि मत मात्र गर्भपात, बंदूक, पेट्रोलचा भाव, सीमा यावर देतात. पक्षांना हे पक्कं ठाऊक असतं.

---

कलम_१४४

दारांवरून पुढे. २०२२ मध्ये ते ६० चं दार उघडलंच नाही, बगल दिली. अर्थसंकल्पी विषयांना ‘रिकन्सिलिएशन’ नावाची वाट आहे, तिथे साधं बहुमत चालतं. ७ ऑगस्ट २०२२, सिनेट ५०-५०, उपराष्ट्राध्यक्ष कमला हॅरिस यांचं मत धरून ५१-५०. एकही रिपब्लिकन नाही.

पण या वाटेला नियम आहे: ज्याचा सरकारी जमाखर्चाशी थेट संबंध तेवढंच न्यायचं. मेडिकेअरमधल्यांना इन्सुलिन महिना ३५ डॉलर, हे बसलं. खासगी विमा असलेल्यांनाही ३५, हे बसत नाही असं सिनेटच्या नियमतज्ज्ञ अधिकाऱ्यांनी सांगितलं. ते ठेवायला ६० हवी होती. ५७ मिळाली, सात रिपब्लिकन धरून. म्हणजे ५७-४३ हरलं आणि ५१-५० जिंकलं, त्याच दिवशी त्याच सभागृहात. घटनेच्या विद्यार्थ्यांना शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

(मार्च २०२३ मध्ये एलाय लिली कंपनीने आपणहून खासगी गिऱ्हाइकांना ३५ ची मर्यादा लावली. बदनामी इतकी झाली होती.)

---

चिंचपोकळी_एक्स्प्रेस

बरं, लाच मागे घेतो, ‘दरवान’ म्हणतो. मग २०२२ नंतर दरवान घरी गेले का?

---

गोदातीर

छे. पहिल्या फेरीत फक्त दहा औषधं, ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर झाली: एलिक्विस, जानुविया, झारेल्टो वगैरे. नवे भाव १ जानेवारी २०२६ पासून. मधल्या काळात मर्क, अमेरिकी चेंबर ऑफ कॉमर्स आणि बरेच जण कोर्टात गेले. कायद्यात गोळीला मंजुरीपासून ९ वर्षं आणि जैविक इंजेक्शनला १३ वर्षं सवलत आहे, तर ‘गोळीलाही १३ द्या’ ही मोहीम लगेच सुरू झाली. दुर्मिळ आजारांच्या औषधांना असलेली सूट २०२५ मध्ये ट्रम्प यांच्या मोठ्या कर-विधेयकात रुंद करून घेतली. शेकडो पानांच्या कायद्यातलं एक कलम. त्यावर कुठली आजी बॉनेटवर चढणार? तरी भाव करण्याची योजना मात्र त्यांनी मोडली नाही, चालू ठेवली. पेन्शनरांच्या खिशाला हात लावणं म्हणजे काय, ते ८९ पासून दोन्ही पक्षांना माहीत आहे.

---

एडिसनकर

दुर्मिळ आजारांच्या सुटीला मी अजिबात वाईट म्हणणार नाही. असं औषध ज्या पोराला लागतं त्याच्या आईबापांची संघटनाही हितसंबंधी गटच असते, आणि कमिटीसमोर त्यांची साक्ष ऐकली तर तुम्हीही हात वर कराल.

---

पाटावरची_पुरी

खरं आहे. पण त्यातल्या कितीतरी रुग्ण-संघटनांना पैसा कंपन्यांकडूनच येतो, हेही लिहा की. पोराची आई खरी, तिचं विमानाचं तिकीट कुणी काढलं ते विचारायचं.

---

एडिसनकर

विचारा. उत्तर मिळेल. तिकीट कुणी काढलं म्हणून आईचं म्हणणं खोटं ठरत नाही.

---

सुमती_जो

भांडण चालू द्या, मध्ये एक घरगुती शंका. आईचं वय ७१, ग्रीन कार्डला पाच वर्षं नुकतीच पूर्ण झाली. तिला ही औषधांची योजना मिळेल का?

---

एडिसनकर

६५ वर्षं पूर्ण आणि सलग पाच वर्षं कायदेशीर वास्तव्य असेल तर मेडिकेअर विकत घेता येतं, नोकरीचा इतिहास नसला तरी. औषधांसाठी पार्ट डी वेगळं घ्यायचं. पात्र झाल्यावर मिळणारी पहिली मुदत चुकवू नका, उशीर केला तर उशिराच्या दर महिन्यामागे एक टक्का दंड हप्त्यात कायमचा चढतो. नंतर दरवर्षी १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर या काळात प्लॅन बदलता येतो. औषधांवर खिशातून जाणाऱ्या पैशाला आता वार्षिक मर्यादा आहे, २०२६ साठी २,१०० डॉलर. आईंच्या गोळ्यांची यादी हाताशी घेऊन प्लॅन निवडा, कारण कुठला प्लॅन कुठली गोळी धरतो हे दरवर्षी बदलतं. अडलं तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.